राउटरची सुनावणी

चालू वर्षाच्या ऐन हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, न्याहारीची भांडी उचलली गेल्यानंतर, तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत, जेवणाच्या मेजाभोवती कुटुंबाची रीतसर बैठक भरली. अध्यक्षस्थानी घरातील ज्येष्ठ पुरुष, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते होते. विचारार्थ विषय एकच होता: पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेला, घराला इंटरनेट पुरवणारा राउटर बदलावा किंवा कसे.

बिघडलेली वस्तू बदलण्यासाठी ज्या घरात बैठक भरवावी लागते, त्या घराविषयी वाचकाने घाईने मत बनवू नये. आप्पांनी उभे आयुष्य कारखानदार आणि कामगार यांच्या तंट्यांत लवाद म्हणून काढले होते. एकाही प्रकरणात आपण एकतर्फी निकाल दिला नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो खरा होता. बऱ्याच प्रकरणांत त्यांनी निकालच दिला नव्हता, ही गोष्ट त्या अभिमानाच्या आड येत नव्हती. निवृत्तीनंतर तंटे त्यांच्याकडे येईनासे झाले, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तूंनाच पक्षकार करून घेतले. कोणतीही वस्तू तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही, असा नियम झाला. वस्तूंना वाचा नसल्याने त्यांच्या वतीने आप्पा बोलत, आणि आप्पांचे ते बोलणे अध्यक्ष या नात्याने आप्पाच लक्षपूर्वक ऐकून घेत. या व्यवस्थेत एक लंगडी खुर्ची, एक थंड पडलेली इस्त्री आणि एकाच बाजूने भाजणारा टोस्टर हे निर्दोष सुटले होते. खुर्चीवर त्यानंतर कोणी बसत नसे. पण ती सन्मानाने उभी होती, निदान भिंतीच्या आधाराने.

बैठकीचे दोन नियम अनुल्लंघनीय होते. पहिला असा की, कुटुंबातील प्रत्येक सज्ञान सदस्य हजर असलाच पाहिजे. दुसरा असा की, बैठक चालू असताना सर्वांचे मोबाइल बंद करून मेजाच्या मधोमध ठेवलेल्या पातेल्यात टाकले पाहिजेत. कारण मान खाली घालून बसलेला माणूस हजर आहे की नाही हे ठरवणे लवादाच्या अनुभवालाही जड जाते. पहिल्या नियमामुळे थोरला मुलगा, जो समुद्रापलीकडे विम्याच्या कचेरीत होता आणि ज्याला घरात दादा म्हणत, तो लॅपटॉपच्या पडद्यावरून हजर राही. लॅपटॉप त्याच्या जुन्या खुर्चीवर दोन उशा रचून ठेवला जाई, म्हणजे त्याचे तोंड इतरांच्या तोंडांच्या पातळीला येई. राउटर दादानेच मागच्या भेटीत आणला होता. त्यामुळे त्या वस्तूला घरात एक दर्जा होता, जो इस्त्रीला कधीच मिळाला नाही.

तक्रारदार सूनबाई होती, म्हणजे धाकट्या मुलाची बायको. तिचे काम वाचकाला समजणे अगत्याचे आहे, कारण घरात ते कोणाला समजले नव्हते. महाविद्यालयांत ज्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती प्राध्यापकांचे व्याख्यान कानातल्या यंत्रातून ऐके आणि बोलण्याच्या वेगाने टंकत जाई. तिकडे विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावर ते शब्द उमटत. प्राध्यापक खोकला तर ‘खोकला’ असेही ती लिही. लहानशा मागल्या खोलीत, दार लोटून, ती हे काम करी. घरी बसून काम करणारी बाई म्हणजे घरी बसलेली बाई, असा या घराचा सिद्धांत असल्याने व्याख्यानाच्या मध्येच दाराची घंटा, गॅसवाला आणि आप्पांची चष्म्याची डबी यांचाही परामर्श तिनेच घ्यावा, अशी सर्वांची निर्मळ अपेक्षा होती.

हे सर्व ती सांभाळून घेत होती. सांभाळता येत नव्हता तो राउटर. त्याचा हिरवा दिवा केव्हाही लाल होई आणि मनास येईल तेव्हा पुन्हा हिरवा. रसायनशास्त्राच्या एका तासाला प्राध्यापक म्हणाले होते की हे दोन द्रव कधीही एकत्र करू नयेत, कारण. आणि तेथे शब्द थांबले. पलीकडच्या मुलीने नंतर विचारले, कारण काय? सूनबाईला सांगता आले नाही. ज्या संस्थेसाठी ती काम करी, तेथल्या पर्यवेक्षिकेने मग स्पष्ट कळवले की येत्या गुरुवारच्या व्याख्यानावर आपण स्वतः लक्ष ठेवणार आहोत. शब्द पुन्हा तुटले तर काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागेल. सूनबाई लग्नाआधीपासून हे काम शिकत होती. ते गेले तर दुसरे तसे काम जवळपास नव्हते. एवढाच प्रश्न होता.

येथे कोणी तर्कनिष्ठ वाचक विचारील की, मग तिने स्वतःच नवा राउटर का आणला नाही? आणला होता. तो खोक्यात, कागदी पट्टी न फाडलेल्या अवस्थेत, आप्पांच्या टेबलावर पडून होता. प्रकरण प्रलंबित असताना मुद्देमालाला हात लावू नये, असा अध्यक्षांचा आदेश होता. शिवाय नव्या यंत्रात जो पासवर्ड घालावा लागतो तो दादाकडे होता आणि निकाल लागल्यावर देईन, असे दादा म्हणाला होता. मोबाइलच्या इंटरनेटवर काम करावे, तर समोरच्या उंच इमारतीमुळे रेंज मिळे ती फक्त बाल्कनीच्या एका कोपऱ्यात, आणि तेथे उभ्याने टंकणे तिने करूनही पाहिले होते. असो. वाचकाची शंका फिटली असेल, तर बैठकीकडे वळू.

सूनबाईने आपली बाजू थोडक्यात मांडली. आप्पांनी राउटरची बाजू विस्ताराने मांडली. ते म्हणाले की, या यंत्राने आजवर केलेल्या सेवेचा विचार झालेला नाही; ते अहोरात्र जागे असते, त्याला सुटी नाही, आणि जो कधीच थांबत नाही तो अधूनमधून थांबला तर त्याला बिघाड म्हणावे की विश्रांती, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. कामगारांच्या बाबतीत हाच मुद्दा त्यांनी कधी मान्य केल्याचे कोणाला आठवत नव्हते.

सासूबाईंनीही बदलास विरोध केला, पण त्यांचे कारण तत्त्वाचे नव्हते. राउटर गरम राही आणि त्यावर आप्पांचे पायमोजे फार छान वाळत. नवीन यंत्रे म्हणे तापत नाहीत. “मग ऐन थंडीत मोजे मी कुठे वाळवू,” असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न इतका रास्त वाटला की काही काळ बैठक त्याच विषयावर चालली.

धाकटा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, याला मित्रमंडळीत उभयपक्षी म्हणत. जन्मात त्याने कोणाला दुखावले नव्हते आणि त्याचा कोणाला उपयोगही झाला नव्हता. त्याने घसा साफ करून सांगितले की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सूनबाईने त्याच्याकडे पाहिले. तेव्हा त्याने दुरुस्ती केली, की तिच्या बाजूत जरा जास्त तथ्य आहे; मग त्याने आप्पांकडे पाहिले, आणि तेही तसे फार जास्त नाही, असे म्हणून तो खाली बसला. वास्तविक तो उभा राहिलाच नव्हता.

आता खरे घोडे पेंड खाते ते येथे. या साऱ्या वेळात दादाचा चेहरा पडद्यावर आरशासारखा स्वच्छ दिसत होता. आवाज खणखणीत. दिवा हिरवागार. आरोपी स्वतःच्या सुनावणीत इतका सभ्य वागला की खुद्द सूनबाईलाही क्षणभर आपण खोटे बोलतो आहोत की काय असे वाटले.

“मला तर काही प्रॉब्लेम दिसत नाही बुवा,” दादा म्हणाला. “मी इतक्या लांबून बघतोय आणि आप्पांच्या शर्टाचं तुटकं बटणसुद्धा दिसतंय. तुम्ही लोक वापरता कसं त्याच्यावर असतं ते.”

“भावजी, आत्ता सगळ्यांचे फोन पातेल्यात आहेत,” सूनबाई म्हणाली. “त्याच्यावर आत्ता तुम्ही एकटेच आहात. एकाला पुरतं ते. घरातली सगळी माणसं आली की मान टाकतं.”

“हा तर्क झाला,” आप्पा म्हणाले. “पुरावा नव्हे.”

“मग फोन चालू करू या ना. आत्ता दिसेल.”

“बैठकीत फोन? सूनबाई, तुमच्यासाठी आज नियम वाकवला, तर उद्या ती इस्त्री अपिलात येईल.”

अशा रीतीने, राउटर भाराखाली कोसळतो हे सिद्ध करण्याचा जो एकमेव मार्ग होता, तो बैठकीच्या शिस्तीने बंद केला होता. आणि जोपर्यंत ते सिद्ध होत नव्हते तोपर्यंत राउटर निर्दोष होता. केबलवाल्याची साक्ष आधीच नोंदली गेली होती. त्याने दारातूनच, आत पाऊलही न टाकता, प्लग काढून परत लावा, असे सांगितले होते. आणि हा सल्ला निसर्गनियमासारखा असल्याने त्याचे खंडन कोणी करू शकले नव्हते.

सूनबाई मग वाद सोडून विनंतीवर आली. म्हणाली, निकाल काय लावायचा तो सावकाश लावा; फक्त गुरुवारपुरता नवा राउटर लावू द्या. आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. दोषारोप सिद्ध होण्याआधी शिक्षेची अंमलबजावणी आपल्या हयातीत होणार नाही, असे त्यांनी सांगितले. पण तक्रारदाराच्या अडचणीची आपल्याला पूर्ण जाणीव आहे. म्हणून अंतरिम आदेश असा, की राउटरला एक संधी देण्यात यावी. गुरुवारी व्याख्यान सुरू होण्यापूर्वी सर्वांनी आपापली उपकरणे बंद करावीत, पायमोजे कपाटावरून हलवावेत, आणि ते व्याख्यान हाच प्रत्यक्ष पुरावा समजला जावा. राउटर तरला तर खटला निकालात; बुडाला तर पुनर्विचार. त्याने तरावे की बुडावे याच्याशी सूनबाईचे काम बांधलेले आहे, हा तपशील आदेशात आला नाही. पुरावा म्हणून जो तास मोजायचा, तोच तिच्या परीक्षेचा तास होता. पण लवादाला एका वेळी एकच प्रकरण दिसते.

“हे असंच झालं पाहिजे का?” सूनबाईने नवऱ्याला नंतर स्वयंपाकघरात विचारले. तो म्हणाला की आप्पांचंही बरोबर आहे. मग ती नळाकडे वळली, तेव्हा म्हणाला की तिचंही बरोबर आहे. तिने चहाचा कप त्याच्या हातातून काढून घेऊन विसळायला टाकला. तो अर्धा भरलेला होता.

गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, आदेशाचे तंतोतंत पालन झाले. हे मान्य केले पाहिजे. मोबाइल पातेल्यात गेले. सासूबाईंनी मोजे उचलून बाल्कनीतल्या दोरीवर टाकले आणि ते आता कधी वाळायचे, म्हणून एक सुस्कारा सोडला. उभयपक्षी त्या दिवशी रजेवर होता; कारण विचारले तर त्याने पाठिंबा असे सांगितले, कोणाला ते सांगितले नाही. दाराच्या घंटेत सूनबाईने कापसाचा बोळा कोंबला. मग ती मागल्या खोलीत गेली, दार लावले, आणि पलीकडे कुठल्याशा प्राध्यापकाने सिमेंट घट्ट कसे होते यावर बोलायला आरंभ केला.

शब्द धावू लागले. ज्यांनी हे काम पाहिले नाही, त्यांना ती बोटे कशी चालतात हे सांगून पटायचे नाही. माणूस बोलतो त्याच्या अर्ध्या वाक्याच्या अंतराने ती त्याच्या मागे असते. त्याने वाक्य मध्येच मोडले तर ती मोडलेले लिहिते, आणि विद्यार्थ्याला कळेल असे मोडलेले लिहिते. प्राध्यापक गृहस्थ शब्दांची शेपटे खाऊन बोलत होते. पडद्यावर मात्र ती वाक्ये आंघोळ करून, केस विंचरून उमटत होती. पर्यवेक्षिका तिकडून पाहत होती. राउटरचा दिवा हिरवा होता.

दिवाणखान्यात आप्पा हाताची घडी घालून त्या हिरव्या दिव्याकडे पाहत बसले होते. आणि तेथे, शिस्तीच्या परमोच्च क्षणी, त्यांच्या मनात एक न्यायशास्त्रीय शंका उत्पन्न झाली. दिवा पाहणे म्हणजे पुरावा पाहणे नव्हे. दिवा हिरवा असताना आत शब्द तुटत असतील तर? ज्या पुराव्यावर निकाल द्यायचा तो न्यायाधीशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहू नये, हे कोणत्या संहितेत बसते? शब्द ज्या पानावर उमटत होते त्याची लिंक त्यांनी बुधवारीच, अध्यक्षांच्या माहितीसाठी, सूनबाईकडून लिहून घेतली होती. त्यांनी टॅबलेट उघडला.

शब्द उमटत होते. आप्पांनी समाधानाने मान हलवली. पण लगेच दुसरी शंका आली: आपण पाहतो आणि दादा पाहत नाही, म्हणजे एका सदस्याच्या पाठीमागे पुरावा घेतला गेला, हे तर एकतर्फी झाले. म्हणून त्यांनी त्याच टॅबलेटवरून दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि शब्दांचे पान त्यालाही दाखवले. दादा म्हणाला की शब्द ठीक आहेत, पण मला दिवा दाखवा. टॅबलेटवर शब्द होते, तो हलवता येईना. तेव्हा सासूबाईंनी पातेल्यातून आपला फोन काढला, त्यावरून दादाला दुसरा कॉल लावला, आणि स्टुलावर चढून तो कपाटावरच्या दिव्यासमोर धरला. उभयपक्षीला हे असह्य झाले. एका बाजूची बाजू मांडली जात असताना आपण स्वस्थ बसणे पक्षपाताचे ठरेल, असे वाटून त्याने आपला लॅपटॉप उघडला, आणि एका खिडकीत व्याख्यानाचे चित्र व दुसऱ्या खिडकीत बायकोचे शब्द असे दोन्ही एकदम लावले, म्हणजे तुलना करता येईल.

सासूबाईंच्या फोनसमोर, अगदी जवळून, दादाच्या डोळ्यांदेखत, दिवा लाल झाला.

मागल्या खोलीचे दार उघडले. सूनबाईने कानातून यंत्र काढून हातात धरले होते. स्टुलावर उभ्या सासूबाई, टॅबलेटवर वाकलेले आप्पा, दोन खिडक्या उघडून बसलेला नवरा, आणि टॅबलेटवर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी थिजलेला दादा, असे ते चित्र तिने पाहिले. ती चिडेल असे सर्वांना वाटले. ती चिडली नाही, आणि त्यामुळेच सगळे घाबरले.

“किती जण होतात यावर?” तिने विचारले.

“आम्ही निरीक्षक म्हणून होतो,” आप्पा म्हणाले. “निरीक्षण म्हणजे वापर नव्हे.”

यावर तिला काही सुचले नाही. आजवर ज्यांना सुचले नव्हते, त्या सर्व कारखानदारांची आणि कामगारांची ती वारस ठरली. आप्पांनी तिच्या मौनाचा लाभ घेऊन पुढे सांगितले की, झाला तो पुरावा दूषित झाला आहे. यंत्राला निर्भेळ संधी मिळाली नाही. तेव्हा पुढच्या गुरुवारी नव्याने चाचणी घेण्यास आपली हरकत नाही.

“पुढचा गुरुवार माझा नाही, आप्पा,” ती म्हणाली. “तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे आता.”

“अगं, असं कसं, आपण बोलू ना त्यांच्याशी,” नवरा म्हणाला.

तिने आपला मोबाइल पातेल्यातून घेतला, बाल्कनीच्या त्या कोपऱ्यात, ओल्या मोज्यांच्या दोरीखाली गेली, आणि तो चालू केला. तो लगेच वाजला. पर्यवेक्षिका होती. आप्पा मागोमाग पोहोचलेच. दोन्ही पक्षांचे म्हणणे सर्वांनी ऐकले पाहिजे, असे त्यांनी खुणेने सुचवले. सूनबाईने थोडा विचार केला आणि फोन स्पीकरवर टाकला. ते तिने का केले, हे तिने कोणाला सांगितले नाही.

आप्पा बोलू लागले. त्यांनी प्रथम पर्यवेक्षिकेचे आभार मानले. मग त्यांनी शब्द तुटण्याची तात्कालिक कारणे आणि मूलभूत कारणे यांतील भेद स्पष्ट केला. तात्कालिक कारणांचा दोष यंत्राच्या माथी मारणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असे ते म्हणाले. कुटुंबाने न्यायबुद्धीने घेतलेल्या चाचणीची हकिकत सांगितली, त्यात कोणी किती उपकरणे लावली हे एकही न लपवता, उलट पारदर्शकतेचा नमुना म्हणून, सांगितले. आणि शेवटी अशी प्रार्थना केली की राउटरला आणखी एक संधी मिळावी. सूनबाईविषयी बोलायचे त्यांच्या लक्षात आले नाही. वाऱ्याने एक मोजा त्यांच्या खांद्यावर येऊन विसावला. तोही त्यांच्या लक्षात आला नाही.

रेंज गेली की काय, म्हणून नवऱ्याने फोनकडे वाकून पाहिले.

“आपण कोण?” पर्यवेक्षिकेने विचारले.

“मी अध्यक्ष,” आप्पा म्हणाले.

“बरं. फोन ज्यांचा आहे त्या ऐकतायत का?”

“ऐकतेय, मॅडम.”

“तुटेपर्यंतचं सगळं मी वाचलं. त्या सरांचं बोलणं मला समोर बसून कळत नाही, ते तुमच्यामुळे आज कळलं. मला तुमचं काम हवंय, तुमच्या घरातून नकोय. आमच्या ऑफिसात एक खोली आहे, तिला दार आहे, लाइन चांगली आहे. सोमवारी सकाळी या, आणि रोज या.”